मामाने तोडलेलं कुलूप

माझा मामा वीज केंद्रात सेफ्टी ऑफिसर होता. लोक त्याला 'कुलूपमामा' म्हणत आणि त्याची पाठ वळली की हसत. हसेनात का! त्याने त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट भरवली होती: यंत्राच्या आत शिरण्याआधी त्याच्या स्विचला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. दुसऱ्याचं कुलूप तोडायची वेळ आलीच, तर तो माणूस बाहेर आहे हे आधी स्वतः जाऊन बघायचं. "कान आणि डोळा यांत चार बोटांचं अंतर असतं," असं तो सारखा म्हणायचा.

माझे वडील तिथेच फिटर होते. त्यांना नोकरी मामानेच लावली होती, म्हणून त्यांच्यावर त्याची नजर जरा जास्तच करडी. वडिलांना पत्त्यांचा नाद. ड्यूटी सुटली की ते डाव मांडून बसायचे, आणि मामाचा फोन आला की आई बिनदिक्कत सांगायची, "आलेत रे दादा, झोपलेत." माहेरच्यांपुढे नवऱ्याची अब्रू झाकायची तिला सवयच लागली होती.

त्या दिवशी बॉयलरला हवा देणारा मोठा पंखा दुरुस्त झाला. माणसं बाहेर आली, पण स्विचवर वडिलांचं कुलूप तसंच होतं. बाकीच्या यंत्रांच्या घरघरीत हाका मारल्या, ओ नाही. बॉयलर खोळंबलेला, साहेब मामाच्या डोक्यावर बसलेले.

"तुमचा मेहुणा गेला असेल पत्ते कुटायला! तोडा ते कुलूप!"

मामाने आमच्या घरी फोन लावला. मी तिथेच अभ्यास करत बसले होते.

"नवरा आलाय का गं तुझा?"

"आलेत रे दादा, झोपलेत."

मामाने कटर मागवला आणि स्वतःच्या हाताने कुलूप तोडलं. पंखा सुरू झाला. आत राहिलेला पाना आणायला वडील परत आत शिरले होते.

चौकशीत मामाने फोनचं नावही काढलं नाही. "मी बघायला हवं होतं," एवढंच म्हणाला. त्याची नोकरी गेली, साहेबांना बढती मिळाली. जगाची हीच रीत आहे, मेली! मला मामाचा आणि आईचाही संताप येतो. पण त्यांची तोंडं बघितली की तो काढायचा कुणावर?

आता मी त्याच केंद्रात, मामाच्याच खात्यात लागलेय. कुलपं माझ्याच ताब्यात असतात. हसणारे अजून हसतातच. मामा त्याच्या घरी भिंतीकडे बघत बसतो आणि रोज संध्याकाळी एक फोन करतो.

"पोर आली का?"

मी आईच्या समोर जेवत असते. तरी ती फोन बाजूला ठेवते, उठून येते, माझ्या खांद्यावर हात ठेवून बघते आणि मग परत जाऊन सांगते, "आली."