पितळेचे दोन दात

कोणतंही भांडं हातात आलं की तो आधी त्यावर बोटाचं पेर मारायचा, मान तिरपी करायचा आणि निकाल द्यायचा, "बोलते." नाहीतर, "मुकं हाये, वापस कर." मुकं म्हणजे तडा गेलेलं. भंडाऱ्यातल्या पितळी भांड्यांच्या कारागिरांत त्याच्या कानाचा दबदबा होता. हातोडीच्या आवाजानं तोच कान अर्धा बहिरा झाला होता, ही त्यातली गंमत. भांड्यांचं त्याला ऐकू यायचं, माणसांचं नाही.

सत्तरच्या दशकात मी त्याच्या गल्लीत दातांचा दवाखाना थाटला. पहिल्याच दिवशी तो आत आला, माझ्या स्टीलच्या ट्रेवर टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. "डाक्टरसाहेब, हे काय भांडं होय? टिनपाट!" स्टीलवर त्याचा राग होता, आणि तो साधासुधा नव्हता. घरोघरी स्टील शिरत होतं, पाणी भरायचे पितळेचे गुंड माळ्यावर जात होते आणि याच्या हातचं काम आटत चाललं होतं. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. बाजारात हरतो आणि घरात जिंकायला बघतो. मनातल्या मनात मी त्याला अजून अरे-तुरेच करतो. तोंडावर मात्र नेहमी अहो-जाहो केलं.

एका सकाळी तो बायकोला घेऊन आला. तिनं पदर तोंडावर दाबून धरला होता. मी काही विचारायच्या आत तो ओरडला, "आंगनात पडली. पाय घसरला." पदर बाजूला झाला. वरचे समोरचे दोन्ही दात अर्ध्यात तुटलेले, ओठ फाटलेला. अंगणात पडलेल्या माणसाच्या हनुवटीला, तळहाताला, कुठंतरी खरचटतं. तिला बाकी कुठंच काही नव्हतं. ती भिंतीकडे बघत राहिली.

मी सांगितलं, दात वाचतील. एकाची नस उघडी पडली आहे, ती काढून आधी मूळ साफ करावं लागेल. मग दोन्ही दात घासून बारीक करायचे, माप नागपूरला पाठवायचं आणि तिकडून आलेल्या टोप्या वर बसवायच्या. बऱ्याच खेपा होतील.

"टोपनच बसवाचं न?" तो म्हणाला. "थे तर मी जनमभर बसवून राहिलो."

"अहो, हा डबा नाही. आतलं साफ न करता वरून झाकलं, तर आत सडेल."

त्यानं ऐकलं की नाही, कोण जाणे. बायको पायरी उतरल्यावर तो मागे वळला. एरवी गल्लीभर ऐकू जाणारा माणूस जेमतेम पुटपुटला, "माया हातानं मोडले, डाक्टरसाहेब. माया हातानंच बसवीन."

मला त्याची कीव यायला हवी होती. आला तो रागच. पश्चात्तापातसुद्धा याला स्वतःचाच हात पुढे करायचा होता.

मग कित्येक दिवस तो दुकानात रस्त्याकडे पाठ करून बसला. मेणावर तिच्या दातांचा ठसा घेतला, पत्रा ठोकून ठोकून कागदासारखा पातळ केला आणि दोन दात घडवले. पितळ कळकतं म्हणून आतून-बाहेरून कल्हई केली. मग लाख तापवून ते तिच्या तुटक्या दातांवर चिकटवले. त्या उघड्या नसेवर गरम लाख तिनं कशी सोसली असेल, याचा मला आजही विचार करवत नाही.

तिला घेऊन तो मला दाखवायला आला. काम सुबक होतं, खोटं कशाला बोलू? चांदीसारखे चमकत होते.

"कसे हायेत?"

"दिसायला छान आहेत. आता काढा, आणि मला मूळ साफ करू द्या."

त्याचा चेहरा पडला. "तुमाले दुसऱ्याचं काम पाहवतच नाही," म्हणाला आणि तिला घेऊन निघून गेला.

पण त्या घरातली आदळआपट थांबली, हेही खरं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तो तिला दारात उजेडाला बोलवायचा, "आवं, दाखव." ती हसून दाखवायची. तो खूश होऊन कामाला लागायचा.

काही महिन्यांनी माझ्या बायकोला तिचा वरचा ओठ जाड वाटला. "वहिनी, यांना दाखवा ना एकदा."

"दाखवलं तं काढा म्हनतीन," ती म्हणाली. "हे पाहून त्याइले बरं वाटते, बाई. कित्येक सालानं घर सुखानं चालून राहिलं."

मी स्वतः गेलो, तेव्हा तिनं पदर ओढून "काही नाही" म्हटलं. तो शेजारीच उभा होता. "कुठं काय हाये? चांगली हासते थे!" असं मलाच सुनावलं.

पुढे एका दुपारी तो तिला हातांवर उचलून घेऊन आला. अंगात ताप, सूज डोळ्यापर्यंत चढलेली. मी दोन्ही टोप्या काढल्या. खाली मूळ कुजून गेलं होतं, नुसता पू. जमलं ते केलं आणि तिला तसंच नागपूरला पाठवलं. वरच्या ओठाजवळचं विष कधी कधी डोळ्यामागून मेंदूत चढतं. तिचं चढलं होतं.

तिचा देह परत आणला, तेव्हा तो धावत दवाखान्यात आला. "थे दोन टोपन द्या, डाक्टरसाहेब. अशा तोंडानं कशी जाईल थे?"

मी दिल्या आणि त्याच्यामागे गेलो. शहापूरहून आलेली तिची मोठी बहीण उशाशी बसली होती. त्याच्या मुठीत काय आहे ते पाहून तिनं बहिणीच्या तोंडावर आपला तळहात ठेवला.

"सरका, भाऊजी. आता कायले हासवता तिले?"

तो तसाच उभा राहिला. त्या बाईचा हात बाजूला करायची त्याची छाती झाली नाही.

त्यानंतरची वर्षं तो माझ्याकडे फक्त दात काढायला आला. पहिली दाढ दुखली तेव्हा मी म्हटलं, "वाचेल ही. मी टोपी बसवून देतो."

"काढा."

"अहो, मूळ चांगलं आहे."

"काढा म्हनलं न." मी नाही म्हटलं की तो साकोलीच्या बाजारात बसणाऱ्या दातवाल्याकडून उपटून घेऊन यायचा. एकेक करत त्यानं तोंड रिकामं केलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा तो गेला. त्याच्या थोडं आधी मी भेटायला गेलो, तर सून त्याला वाटीतून पेज भरवत होती. मी म्हटलं, "कवळी करून देऊ का? दोन घास नीट जातील."

त्यानं सुनेचा हात थांबवला. "डाक्टरसाहेब, थे रोज सकाळी हासे. तवा दुखत असंन का तिले?"

सून माझ्याकडे बघत होती. नाही म्हणणं सोपं होतं.

"हो," मी म्हटलं. "फार दुखत असणार."

त्यानं मान हलवली आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.