नथ डाव्या बाजूला असते

“ताई, मान अजून वळवू का?” वैशालीने विचारलं.

“नको. आणखी वळलीस तर नथ दिसायची नाही.”

नथ डाव्या नाकपुडीत घालतात, आणि वैशालीच्या चेहऱ्याची नेमकी डावी बाजू नीट हलत नव्हती. नगरमधल्या माझ्या स्टुडिओत आम्ही दोघी सकाळपासून या एकाच अडचणीभोवती फिरत होतो.

वैशाली आमच्याकडच्या सराफांची आणि साडीवाल्यांची नेहमीची मॉडेल. माहेर पाथर्डीकडचं, नवरा सुप्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर. तिचं हसू असं होतं की दुकानदार दागिना नंतर ठरवायचे, आधी तिची तारीख घ्यायचे. मग ती बाळंत झाली. अजून बाळंतपणातून पुरती उठलीही नव्हती, तोच एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठांतून गळायला लागलं. आरशात पाहिलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याच्या नसेला सूज आहे, बहुतेक भरून येईल. बरंचसं आलंही. पण हसताना ओठांचा डावा कोपरा मागे राहायचा, आणि डावी पापणी उजवीपेक्षा किंचित उशिरा मिटायची.

हे तिने मला फोनवरच सांगितलं होतं.

“शेठना माहितीये?” मी विचारलं होतं.

“सांगितलंय. ते म्हणाले, फोटोग्राफर मॅडम बघून घेतील.”

शेठ म्हणजे धनंजयशेठ, सराफ. सणासाठी त्यांना नथीचं होर्डिंग करायचं होतं. सकाळी नथ घेऊन आले, डबी माझ्या हातात दिली आणि जाता जाता म्हणाले, “मॅडम, स्माइल मोठं पाहिजे. लांबून दिसलं पाहिजे.”

पहिला उपाय सोपा होता. चेहरा थोडा डावीकडे वळवायचा, म्हणजे चांगली बाजू कॅमेऱ्याकडे येते. पण तशी नथ नाकाआड जाते. फोटो संगणकावर उलटा फिरवता येतो, पण मग नथ भलत्या नाकपुडीत आणि पदर भलत्या खांद्यावर. चौकातून गाडीवर जाणाऱ्या बाईलाही ते कळेल.

दुसरा उपाय लाइटचा. डावी बाजू सावलीत टाकली. चेहरा सुंदर दिसला, पण मोती मेले. सराफाच्या जाहिरातीत मोती मरून चालत नाहीत.

तिसऱ्यांदा तिला समोर बसवलं. सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढरं कापड लावलेला मोठा लाइट, अगदी समोर घेतला. त्याने सावल्या जातात आणि दोन्ही गाल सारखे दिसतात. ओठ मिटून घ्यायला सांगितलं. सगळं सारखं दिसलं आणि आधार कार्डाचा फोटो तयार झाला.

चेहरा आखडला की मी एक युक्ती करते. मॉडेलला डोळे मिटायला सांगते आणि मी “हं” म्हटलं की उघडायला. उघडताक्षणी नजर ताजी असते, तेवढ्यात फोटो घ्यायचा. वैशालीसोबत हे आधी कितीदा केलं होतं. सवयीने म्हणून गेले, “डोळे मीट.” उजवा डोळा मिटला. डावा मागून मिटला. बोट बटणावरच होतं, डावा अर्धा उघडा असतानाच फोटो निघाला. कॅमेरा लॅपटॉपला जोडलेला असतो, त्यामुळे फोटो लगेच मोठा होऊन समोर आला.

वैशालीने तो पाहिला.

“ताई, हा डिलीट कराल?”

केला. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

“मी आता मोबाईलवर पण फोटो काढत नाही,” ती म्हणाली. “मैत्रीचे ढीगभर फोटो आहेत. त्यात मी कुठेच नाही. नुसते माझे हात आहेत.”

मैत्री म्हणजे तिची मुलगी. मी तिचा पदर सारखा केला आणि चहा सांगू का विचारलं. ती नको म्हणाली.

तेवढ्यात दार उघडून तिची आई आत आली. मी त्यांना मावशी म्हणते. कडेवर मैत्री, रडून लाल झालेली. त्या दोघी सकाळपासून बाहेरच्या खोलीत बसून होत्या.

“मॅडम, भूक लागली हिला,” मावशी म्हणाल्या. “लई येळ खेळवली, आता ऐकत न्हाई.”

वैशाली बाळाला घेऊन आत गेली. मी लाइट बंद केले. पूर्वेच्या खिडकीचा पडदा सरकवला, जरा वारा यावा म्हणून.

ती परत आली आणि बाळ मावशींच्या मांडीवर देऊन समोर वाकली. नथ घातलेलीच होती. मैत्रीने नथ धरायला हात वर केला. वैशालीने मान मागे घेतली आणि हसली. ओठांचा डावा कोपरा मागे राहिला, डावा डोळा जास्त बारीक झाला. मैत्री तिच्याकडे बघून खुदकन हसली.

“हिला माझं आधीचं हसू माहीतच नाही,” वैशाली म्हणाली. हे ती मला म्हणाली की स्वतःला, कळलं नाही.

मी म्हटलं, “वैशाली, हिच्याकडे बघतानाचा फोटो काढू? डावा गाल सरळ कॅमेऱ्याकडे येईल. सकाळपासून आपण जे लपवतोय तेच पुढे. चालेल?”

तिने मावशींकडे पाहिलं, मग बाळाकडे. “काढा.”

मावशींना बाळासकट बुटक्या स्टुलावर बसवलं, खिडकीच्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर. वैशालीचा चेहरा आपोआप उजवीकडे आणि खाली वळला, डावी बाजू माझ्याकडे आली. नथीवर खिडकीचा उजेड पडला. सकाळपासून मी चेहरा मधोमध ठेवत होते. आता तो फ्रेमच्या एका बाजूला घेतला आणि ती जिकडे बघत होती तिकडे जागा मोकळी सोडली. नजरेला जायला जागा लागते, नाहीतर माणूस भिंतीला टेकून उभा असल्यासारखा दिसतो.

“हस” म्हणाले नाही. मोठं हसूही घेतलं नाही. हसू ओठांवरून उतरायला लागतं, पण डोळ्यांत अजून असतं, त्या क्षणाची वाट बघत राहिले. बरेच फोटो वाया गेले, कारण मैत्रीचं लक्ष मधूनच पंख्याकडे जायचं आणि तिच्या आईचंही. मग एक मिळाला. वैशालीने तो लॅपटॉपवर पाहिला, मोठा करून ओठांचा कोपरा पाहिला, परत लहान केला.

“हाच द्या,” ती म्हणाली.

दुपारी शेठ आले. खुर्ची ओढून बसले.

“नथ फार छान आलीय,” ते म्हणाले. मग थांबून, “ओठ तेवढे सारखे करून घ्या. होतं ना संगणकावर?”

“होतं,” मी म्हणाले.

वैशाली साडी बदलून आली होती, खांद्यावर बाळ झोपलेलं. ती हळूच म्हणाली, कदाचित बाळ उठू नये म्हणून. “शेठ, फोटो लावलात तर असाच लावा. नाहीतर दुसरी मॉडेल घ्या. मला राग नाही येणार.”

शेठना असं ऐकायची सवय नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “ओठ ओढले की गाल ओढावा लागतो, मग डोळा. शेवटी ही वैशाली राहणार नाही. मला ते करायचं नाही.”

“घरी दाखवतो,” एवढं म्हणून त्यांनी फोटो मोबाईलवर घेतला आणि गेले. वैशाली रिक्षात बसताना म्हणाली, “गेलं हे काम, ताई.” मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी शेठचा फोन आला. “आईला दाखवला. म्हटलं, काही वेगळं दिसतंय का? तिने चष्मा लावून बघितला आणि विचारलं, ही एवढ्या मायेने कुणाकडे बघतीये?”

“मग?”

“मग काय. लावतोय तोच.”

होर्डिंग लागलं. वैशालीने त्याच्याखाली उभं राहून, मैत्रीला कडेवर घेऊन काढलेला सेल्फी मला पाठवला.

या धंद्यात मला आता इतकं कळलंय की मॉडेलला “स्माइल” म्हटलं की ओठ हलतात, पण बघायला समोर जवळचं माणूस असलं तर अख्खा चेहरा हलतो. म्हणून शूट ठरवताना मी आधी विचारते, सोबत कुणाला आणताय. बाळं बरीच येतात. स्टुडिओच्या छताला लाइट टांगायचा एक मजबूत हुक होता, त्याला मी झोळी बांधून टाकली आहे. लाइटला स्टँड पुरतो.