खरड छाटणीनंतरची चौकट

विलेपार्ल्याच्या खिडकीत उभे राहून दिंडोरीचे हवामान पाहण्याची सवय जयंतीबाई आगाश्यांना निवृत्तीनंतर जडली. पार्ल्यात ऊन आहे की ढग, याची त्यांना फिकीर नसे. मोबाइलवर दिंडोरीला ढग दिसले, की त्या स्वयंपाकघर ते दिवाणखाना अशा येरझारा घालू लागत, आणि ओट्यावरचे दूध उतू जाई.

विमा कंपनीतील नोकरी संपल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला आणि एकच संकल्प सोडला: वाइनच्या द्राक्षांची एक बाग, एकाच जागेवरून, वर्षभराच्या सगळ्या ऋतूंत टिपायची. बाग काशीराम पिंगळे या शेतकऱ्याची. बांधावरच्या सिमेंटच्या खांबापाशी जयंतीबाईंनी तैलरंगाची खूण करून घेतली होती. ट्रायपॉड तिथेच, उंची तीच, भिंग तेच. आणि चौकटीत माणूस नको. या नियमांत त्यांनी कधी सूट घेतली नाही.

पावसाळ्यातली हिरवी गच्च बाग मिळाली. ऑक्टोबरात छाटणी झाली, पाने जाऊन नुसत्या काड्या उरल्या, तीही मिळाली. आता बाग थंडीभर झोपणार, असे जयंतीबाईंनी मनाशी ठरवून टाकले. कार्यालयाच्या भिंतीवर वर्षानुवर्षे परदेशी दिनदर्शिका लागत. त्यांतल्या जानेवारीच्या पानावर बर्फात उभी असलेली उघडी खोडे त्यांच्या डोळ्यांत बसली होती. त्या खोडांसाठी त्या जानेवारीत कानटोपी घालून दिंडोरीला पोहोचल्या, तर समोर काळ्याभोर घडांनी वाकलेली बाग!

“ताई, इथं कुठं झोपायला मिळतंय बागेला?” काशीराम हसू आवरत म्हणाला. “ऑक्टोबरला छाटली ती फळासाठीच. उघडी बघायची तर एप्रिलात या, खरड छाटणीला. नुसते बुंधे राहतात. पण आठवड्यात फूट येते बरं का, मग म्हणाल सांगितलं नाही.”

जानेवारी आणि फेब्रुवारीची तोडणी पदरात पडली. आता एकच चौकट उरली. जूनमध्ये पार्ल्याच्या एका छोट्या सभागृहात छायाचित्रे लागायची होती, आणि उघड्या बागेवाचून वर्ष पुरे होत नव्हते.

छाटणी एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी आटोपणार होती. जयंतीबाईंनी रविवार ठरवला. यजमान नंदकिशोर यांना साठ वर्षे पुढच्या गुरुवारी पूर्ण होत होती, तेव्हा आड काहीच येत नव्हते. पण त्या घरात जन्मलेल्या कोणीही केली नसती अशी चूक त्यांच्या हातून झाली: त्यांनी तारीख धरली. साठीशांत तिथीने होते. गुरुजींनी पंचांग पाहून सांगितले, तिथी रविवारीच येते. होमाला पतीशेजारी पत्नी हवीच. सोमवारी पाहुण्यांची परतपाठवणी; मंगळवारपासून दिंडोरीला ढगांचा अंदाज. शनिवारच उरला.

शनिवारी सकाळी नणंद सुगंधाताई सोवळ्यातली भांडी मोजून घेत असताना जयंतीबाई कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावून उभ्या राहिल्या.

“उत्तम!” सुगंधाताई म्हणाल्या. “आज दारूच्या मळ्यात जाऊन ये आणि उद्या होमाला बस. अग्नीही खूश होईल.”

“द्राक्षं आहेत हो ताई, दारू नंतर होते.”

“नंदू, ऐकतोस ना? तुझी साठी, आणि बायकोला झाडं महत्त्वाची.”

नंदकिशोरांनी वर्तमानपत्राची व्यवस्थित घडी केली आणि गाडीची किल्ली उचलली. “ही एकटी गेली तर गाडी चालवताना ढग बघत बसेल. मग उद्या माझ्या शेजारी कोण बसणार, तू?”

दुपारी ते पोहोचले, तेव्हा चौकटीतली अर्धी बाग छाटलेली आणि अर्धी हिरवी होती. मजुरांची एक टोळी आलीच नव्हती. उरलेल्या कात्र्या खटखट चालत होत्या.

“दिवस मावळेपर्यंत होईल, ताई.”

“मावळेपर्यंत म्हणजे मावळायच्या आधी ना?”

काशीरामने आकाशाकडे पाहिले आणि स्वतःच एक कात्री उचलली. जयंतीबाई खांबापासून निघत, ओळीपर्यंत जात, परत येत. ट्रायपॉडचा स्क्रू पुन्हा पुन्हा आवळत. सुगंधाताईंचे फोन येत राहिले. नंदकिशोरांनी एकदाच उचलला. “पुण्याहवाचन उद्या सकाळी आहे ना? मग आज का ओरडतेस?” एवढे बोलून त्यांनी फोन बंदच करून ठेवला आणि सावलीसाठी ओळींतून आत कुठेतरी निघून गेले.

शेवटची ओळ छाटून झाली, तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. मजूर बाहेर पडले. बुंधे आणि तारांवरचे त्यांचे आडवे हात तांबूस उजेडात उघडे उभे राहिले. जयंतीबाईंनी डोळा कॅमेऱ्याला लावला आणि तसाच मागे घेतला. मधल्या ओळीच्या टोकाला, उलट्या क्रेटवर, खोडाला पाठ टेकून नंदकिशोर गाढ झोपले होते. मघापर्यंत पानांनी त्यांना झाकले होते, आणि मजुरांनी त्यांना न उठवता भोवतीने छाटणी उरकली होती.

“अहो!” त्या ओरडल्या. “अहो, उठा! बाजूला व्हा!”

ते हलले नाहीत. धावत जाऊन उठवावे, तर परत येईपर्यंत उजेड जाणार. खोडांवरची तांबूस कड बघता बघता पुसट होऊ लागली. जयंतीबाईंचे बोट बटणावर क्षणभर अडून राहिले. मग त्यांनी ते दाबले. दुसऱ्यांदा दाबेपर्यंत बाग राखाडी झाली होती.

रविवारी होम यथासांग झाला. धुराने डोळे चोळत असतानाही जयंतीबाई मनात तीच चौकट कापून पाहत होत्या: डावीकडून कापली तर ओळ तुटते, उजवीकडून कापली तर खोड.

जूनमध्ये चित्र भिंतीवर लागले ते न कापता. लोक इतर चित्रांपुढून सरकत आणि नेमके त्याच्यापुढे थांबत.

“हे गृहस्थ कोण हो? मळ्याचे मालक का?” एका बाईंनी विचारले.

“नियमभंग आहे तो,” जयंतीबाई उत्तरल्या, आणि मोबाइल काढून दिंडोरीचे हवामान पाहू लागल्या. “पुढच्या एप्रिलला पुन्हा जावं लागणार.”

नंदकिशोर शेजारीच उभे होते. “जाऊ की,” ते म्हणाले. “या वेळी मी गाडीतच झोपतो.”