म्हसेकाकांच्या होडीवरचं वाऱ्याचं यंत्र

एका कामात तीन जाणती माणसं पडली की काम रखडतं आणि किस्से वाढतात. आमचं वाऱ्याच्या यंत्राचं तसंच झालं. यंत्र तळहाताएवढं. ते बसवण्यात अख्खा उन्हाळा गेला. अजूनही राहुरी स्टँडवर चहाला थांबलो की कुणीतरी विचारतंच, "झालं का तुमचं ते वाऱ्याचं?" मी नुसतं हो म्हणतो. सगळं सांगायचं त्राण नसतं. आज मात्र बसलोच आहोत, तर सांगून टाकतो.

म्हसेकाका नेव्हीतून रिटायर झाले आणि मुळा धरणाच्या काठावर, बारागाव नांदूरकडं घर बांधून राहिले. येताना शिडाची एक जुनी होडी ट्रकवर घालून आणली. मी राहुरीत मोटार वायंडिंग करतो, अन्वरभाई उसाच्या ट्रॉल्या बनवतो. दर रविवारी आम्ही दोघं काकांबरोबर पाण्यावर.

गेल्या वर्षी काकांना अर्धांगाचा हलका झटका आला. हातपाय सावरले, पण चेहऱ्याची डावी बाजू बधिर राहिली. शिडाच्या होडीवरचा माणूस वारा गालावर ओळखतो. काकांना आता अर्धाच वारा कळायचा. होडी विकावी असं कुणीच बोललं नाही. पण काका स्वतः दोन महिने काठावर नुसते बसून राहिले, तेव्हा यंत्राचा विषय निघाला. डोलकाठीच्या टोकावर वाट्यांची भिरभिरी, ती वेग मोजते. शेजारी एक पातं, ते दिशा दाखवतं. आणि खाली सुकाणूपाशी छोटा पडदा, त्यावर आकडे.

*

वायरचं घ्यायचं की बिनवायरचं, यावर आमचे चार रविवार गेले. मी वायरच्या बाजूचा, कारण वायर तुटली तर जोडता येते. अन्वरभाई बिनवायरच्या बाजूचा, कारण डोलकाठीच्या पोटातून वायर ओढायचं काम त्याच्या गळ्यात पडलं असतं. काका दोघांचं ऐकायचे आणि चहा गार करायचे.

शेवटी त्यांनी मुंबईच्या एका दुकानदाराला फोन लावला. होडी कुठल्या बंदरात असते, असं त्यानं विचारलं. राहुरी म्हटल्यावर तो बराच वेळ कोकणात शोधत राहिला. धरण आहे हे कळलं तेव्हा म्हणाला, धरणासाठी एवढी महाग वस्तू कशाला घेता?

काका म्हणाले, "खाली पाणी खारट आहे का गोडं, ते वाऱ्याला माहीत नसतं."

आणि आम्हाला न विचारता बिनवायरचं मागवून मोकळे झाले.

*

खोक्यावर इंग्रजीत 'विंड इन्स्ट्रुमेंट' असं छापलेलं. पार्सलवाल्यानं वाटेत त्याचा अर्थ मोबाईलवर बघून ठेवला होता. खोकं हातात देताना त्यानं हळूच विचारलं, "काका, सनई मागवली व्हय? आमच्या पुतणीचं लग्न हाय."

काका सही करत म्हणाले, "सनईच समज. फुंकायला वारा, वाजायला मी."

*

डोलकाठीच्या टोकाला यंत्र धरायला एक ब्रॅकेट हवा होता. अन्वरभाईनं मनापासून बनवला. लोखंडी, जाड पट्टीचा, ट्रॉलीच्या हुकासारखा. बसवला आणि डोलकाठी उभी केली, तर होडी काठावरच एका अंगाला कलायला लागली.

अन्वरभाई म्हणाला, "मजबुतीची काळजीच नको. उसाची ट्रॉली लटकवा, तुटणार न्हाई."

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ऊस कधी लटकवायचा आहे, एवढंच विचारलं. डोलकाठी पुन्हा आडवी. ब्रॅकेट पुन्हा, या वेळी ॲल्युमिनियमचा.

*

डोलकाठी आडवी असताना पात्याची बैठक होडीच्या नाकासमोर आहे का, हे आम्ही तिघांनी अंदाजानं ठरवलं. डोलकाठी उभी केल्यावर बैठक थोडी उजवीकडं वळलेली होती. खालून कुणाला दिसलं नाही.

पहिल्या फेरीला वारा मागून होता. पडदा सांगत होता, वारा मागच्या उजव्या अंगानं येतोय. खरा तो डावीकडं सरकला होता, आणि काकांच्या डाव्या गालाला ते कळलं नाही. शीड एकदम पलटलं. खालची आडवी काठी आमच्या डोक्यांवरून सणकन गेली. काकांची टोपी पाण्यात. टोपीच्या जागी डोकं असतं तर पुढचं सांगायला काही उरलंच नसतं.

काठाला लागल्यावर काका पडद्याकडं बघत म्हणाले, "गाल असा खोटं बोलत नव्हता."

डोलकाठी तिसऱ्यांदा आडवी. या वेळी दोरी ताणून, मापानं बसवलं.

*

यंत्र नीट चालायला लागलं तेव्हा शालनकाकू, म्हणजे काकांची बायको, घरून फोन करायला लागल्या. एकच प्रश्न, वारा किती हाय? काका एकच उत्तर द्यायचे, आठ. म्हणजे आठ नॉट, घाबरण्यासारखं काही नाही. पडद्यावर सहा असो नाहीतर अठरा, काकूंसाठी आठ.

एकदा आम्ही चिंब भिजून आलो. काकू अंगणात उभ्या. त्यांनी काकांना सोडून अन्वरभाईला विचारलं. त्यानं जमिनीकडं बघत सांगितलं, "आठच हुता, वहिनी."

काकू म्हणाल्या, "मग माझी वली गोधडी दोरीवरनं शेजारच्या उसात कुणी नेली?"

त्या दिवशी आम्हाला चहा मिळाला नाही.

*

त्यानंतरच्या एका रविवारी मी आणि काका दोघंच होतो. परतीला अचानक पश्चिमेकडून वारा उठला. पाणी काळं पडलं. शीड अर्धं उतरवलं तरी होडी रेटली जात होती. तेवढ्यात काकूंचा फोन. सुकाणू काकांच्या हातात, म्हणून मी फोन त्यांच्या कानाला धरला.

काका पडद्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बावीस."

पलीकडून काकू अगदी शांतपणे म्हणाल्या, "बरं. मग भाकरी जरा थांबून टाकते." आणि फोन ठेवला.

काकांना हे अपेक्षित नव्हतं. मला म्हणाले, "बघ, उगाच इतके दिवस लपवलं. तिला काही वाटत नाही."

आम्हाला काठ गाठायला बराच वेळ लागला. काकू गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं, दोन्ही हातांना ज्वारीचं पीठ, मनगटापर्यंत, वाळून पांढरं पडून भेगाळलेलं.

काकांनी विचारलं, "कधीची उभी आहेस?"

होडीची दोरी हातात घेत काकू म्हणाल्या, "आत्ताच आले."