हात ओळखणारी जन्नतबी

औशाच्या जन्नतबी मनियारणीला बायकांचे चेहरे लक्षात राहत नसत, हात राहत. बाजारात एखादी "ओळखलं का मावशी?" म्हणाली, की ती आधी तिचं मनगट धरायची, पेरांवरून अंगठा फिरवायची आणि मग म्हणायची, "हाव की! तुजा डावा हात अवघड. सासरी लई काम लावतात का गं?" बाई खूश, आणि आणखी अर्धा डझन बांगड्या खपल्या. धंद्यात जन्नतबी काही कच्च्या गुरूची चेली नव्हती.

औशातलं दुकान आधी नवऱ्याचं, पुढं मुलाचं, सरदारचं. किल्लारीच्या अंगाची गावं मात्र तिची. भरताना फुटली ती बांगडी मनियारणीची, हा तिथला जुना रिवाज. भरून झाल्या की गावची पाटलीणसुद्धा वाकून नमस्कार करायची. जन्नतबी तिच्या डोक्यावर हात ठेवून "सुखी ऱ्हा" म्हणायची. त्या घडीला कोण कुठल्या जातीचं, कुठल्या धर्माचं, हे विचारायला कुणाला सवड नसे.

त्र्याण्णवला गणपती विसर्जनानंतर पहाटे धरणी हलली. जन्नतबी त्याच दिवशी भाकरी घेऊन निघालेल्या एका ट्रकमध्ये चढली. तिला वाटलं होतं, चार भाकरी वाटू, पाणी पाजू. गावात पोचली तर वाटायला माणसंच थोडी. दगडमातीची घरं झोपलेल्यांवर बसली होती. बाहेर काढलेल्या बायका ओळीनं झाकून ठेवलेल्या, आणि चेहऱ्यावरून ओळखाव्यात अशी बहुतेकींची दशा उरली नव्हती.

एका जवानानं चादरीबाहेर आलेला हात आत सारला, तशी ती ओरडली, "थांबा! ही महानंदा हाय. शांतम्माची लेक."

महालक्ष्म्यांच्या आधी तिनंच त्या हातात चुडा भरला होता. हात लोण्यासारखा मऊ होता आणि पोर उगाच "आई गं, आई गं" करून हसत होती. जन्नतबीनं नाव सांगितलं आणि मग लोकांनी तिला प्रत्येक ओळीपाशी नेलं. बाप्यांना आपल्या बायकांच्या हातातल्या बांगड्या कशा होत्या ते सांगता येत नव्हतं. तिला येत होतं. नाव कळलं तर घरचं माणूस शेवटचं पाणी पाजायचं, नाही तर ती बाई सगळ्यांबरोबर एकाच चितेवर जायची. दिवसभर ती मेलेल्यांचे हात हातात घेत राहिली. शांतम्मा ढिगाऱ्यातून जिवंत निघाली होती. नवरा चंद्रप्पा गेला होता, लेक गेली होती. जन्नतबीनं तिला लेकीपाशी नेऊन बसवलं. पुढं कैक दिवस जन्नतबीला भाकरी मोडवत नव्हती.

गावं सरकारी घरांत नव्यानं वसली. इकडं लातुरात शिकवण्यांचं पीक आलं. गल्लीगल्लीत डॉक्टर-इंजिनियर घडवण्याच्या पाट्या लागल्या आणि खेड्यापाड्यातल्या पोरी खोल्या धरून राहू लागल्या. लताबाई नावाच्या निवृत्त विज्ञान शिक्षिकेनं आपल्या घरी अशा काही पोरी ठेवल्या होत्या. त्यांना बांगड्या भरायला जन्नतबी तिथं जायची. लताबाई सडेतोड होत्या. जन्नतबीला त्या चहा पाजायच्या आणि तिच्याशी तासन्‌तास बोलायच्या.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात आपल्या देशानं वाळवंटात अणुस्फोट केले. पेढे वाटले गेले, फटाके फुटले. महिना संपायच्या आत पाकिस्ताननंही केले, आणि काही लोक जन्नतबीकडं असे बघू लागले, जणू हिनंच तो बॉम्ब टोपलीत घालून तिकडं पोचवला! शहाण्यासुरत्या माणसांची ही तऱ्हा. बाकीच्यांना काय बोल लावायचा?

सहा ऑगस्टला, हिरोशिमाच्या दिवशी, लताबाईंनी चार समविचारी माणसं जमवून एका वाचनालयाच्या ओसरीवर त्या बॉम्बहल्ल्याचे फोटो मांडले. शिकवणीची पोरं लगबगीनं समोरून जात होती. एकानं थांबून विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटल्यावर तो गेला.

जन्नतबी टोपली घेऊन आली होती ती पोरींच्या बांगड्यांसाठी. एका फोटोपाशी थबकली. ढिगाऱ्यातून एक हात वर आला होता.

"बाई, ही कोण?"

"माहीत नाही. कुणालाच कळलं नाही."

"मंग तितल्या बांगड्यावालीला इचारायचं."

"तीसुद्धा गेली असणार, जन्नतबी. ओळखणारं कुणी राहिलंच नाही."

जन्नतबी तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. रडली. मग उठून, कुणी न सांगता, जमलेल्या मूठभर माणसांपुढं बोलली, "किल्लारीला धरणी हलली, त्याला कुणाचा इलाज न्हवता. पर औसा ऱ्हायला, म्हून मी ऱ्हायले, म्हून पोरींची नावं ऱ्हायली. ह्ये तर माणसंच करून ऱ्हायली! नाव सांगणारीला बी ठिवत न्हाईत. आपला बी नगं, त्यांचा बी नगं."

नंतर ती लताबाईंशेजारी रस्त्याच्या कडेला 'अणुबॉम्ब नको' असा फलक धरून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. लताबाई कडेला अर्ध्या कापल्या गेल्या होत्या, जन्नतबी मधोमध.

सरदारनं पेपर तिच्यापुढं टाकला. "अम्मा, बाईंचं काय जातंय? त्यांना लोक येडी म्हनतील. हमको क्या बोलेंगे, मालूम है ना?"

"मालूम है," ती म्हणाली.

महालक्ष्म्यांच्या तोंडावर ती नेहमीसारखी जीपनं शांतम्माच्या गावी गेली. थांब्यावर पेपरातला फोटो बघितलेला गावचा हणमंत भेटला. भूकंपात ओळीनं झाकून ठेवलेल्यांत त्याच्या बहिणीचं नाव जन्नतबीनंच सांगितलं होतं.

"पाकिस्ताननं फोडला तवा कुटं होतीस?" त्यानं विचारलं.

"तवा बी ह्येच म्हनले असते बाबा. इचारलं न्हाई कुणी."

नेहमीच्या ओट्यावर तिनं टोपली सोडली. कुणी फिरकेना. एक म्हणाली, शेतात जायचंय. दुसरी म्हणाली, लातुरातनं आणल्यात. बाकीच्या दारांआडून बघत राहिल्या. जन्नतबीला संताप आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. या घरांतल्या मेलेल्यांना तिनं नावं दिली होती. जिवंतांपैकी एकही हात पुढं येत नव्हता. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं!

ती टोपली बांधायला लागली, तेवढ्यात शांतम्मा आली. चंद्रप्पा गेल्यापासून तिचे हात मोकळेच होते. ती समोर बसली आणि हात पुढं केला.

"भर."

"शांतम्मा, येडी झालीस का गं? ह्ये सगळे बघून ऱ्हायलेत."

"बघू दे की. माझी लेक कोन, ह्ये तू सांगितलंस. तवा ह्यातलं कोन आलं न्हवतं पुढं. भर म्हनते ना!"

जन्नतबीला सगळं कळत होतं. विधवेचा हात भरलेल्या टोपलीला या पट्ट्यातली एकही सवाष्ण पुन्हा शिवणार नव्हती. फलकाचा राग हणमंत चार दिवसांत विसरलाही असता, पण हे कुणी विसरणार नव्हतं. हात परतवला, तर गावं कधी ना कधी परत मिळाली असती. तिनं शांतम्माची बोटं आपल्या मुठीत घेतली. हात इतका वाळला होता की दाबावा लागला नाही. हिरव्या बांगड्या सरसर चढल्या. समोरच्या दारातून कुणीतरी "बया, बया!" म्हणालं आणि दार लागलं.

त्या पट्ट्यातला जन्नतबीचा धंदा त्या दिवशी संपला. पुढं ती औशाच्या दुकानातच बसू लागली. आठवड्याभरात कानावर आलं, की शांतम्माच्या भावकीनं तिला धरून तो चुडा दगडानं फोडला.

पुढच्या सहा ऑगस्टला जन्नतबी लातुरात पुन्हा फलक धरून उभी होती. बसमधून उतरून शांतम्मा शोधत शोधत आली आणि तिनं फलकाची दुसरी बाजू धरली. तिच्या मनगटावर काचेचे वण होते. पेपरवाला फोटो काढायला पुढं झाला, तेव्हा जन्नतबी हळूच म्हणाली, "हात पदरात घे, शांतम्मा."

शांतम्मानं पदर मागं सारला आणि हात तसाच पुढं ठेवला.