गुंजनच्या नावानं सोडलेलं

माझी भाची गुंजन गेली आणि दोन दिवसांत नाचणगावच्या चौकात तिच्या नावाचा फ्लेक्स लागला. श्रद्धांजली वाहणाऱ्या पोरांचे फोटो खाली ओळीनं, गॉगलसकट, मोठे मोठे. ती बिचारी वर कोपऱ्यात, शाळेतल्या दोन वेण्यांची. शेजारी लिहिलेलं, 'शांत, सोज्वळ, मितभाषी'. ज्यानं तो छापून आणला त्या धीरजला मी भर चौकात धरलं. म्हटलं, "ही कोणाची पोरगी होय रे? आमची तर एक मिनिट गप्प बसत नव्हती."

"आत्याबाई, दुकानवाल्यापाशी मजकूर तयारच राह्यते," तो म्हणाला.

आमची गुंजन दिवसभर बोलायची. तिची आई लवकर गेली. ती अर्धी माझ्या स्वयंपाकघरात वाढली आणि अर्धी माझा धाकटा भाऊ पुंडलिक, म्हणजे तिचा बाप, याच्या पिठाच्या गिरणीत. गिरणीच्या आवाजावर आवाज चढवायची सवय तिथलीच, ती पुढे कुठेच सुटली नाही. बारावीनंतर वर्ध्याला नर्सिंगला लागली. हॉस्टेल होतं, पण ही शेजारच्या पुलगावहून रोज गाडीनं अप-डाऊन करायची. कारण विचारलं की म्हणायची, "बाबाले सकाळची सुई कोण देईन?"

पुंडलिकला साखरेचा आजार. सुईला एवढा भ्यायचा की डॉक्टरनं इन्सुलिनचं नाव काढल्याबरोबर चपला तिथंच विसरून घरी आला होता. गुंजन सुई टोचायला संत्र्यांवर शिकली. त्या हिवाळ्यात आमच्या घरातलं एक संत्रं तिनं धड ठेवलं नाही, सोलावं तर निम्मं पाणीच. मग बापाचा नंबर लागला. रोज पहाटे गाडीआधी ती त्याला समोर बसवायची, रागवायची आणि टोचायची.

ती शिकायला लागली तसं गावाला सुख राहिलं नाही. लग्नाच्या पंगतीत कोणाचा पाय सुजलेला दिसला की बोटानं दाबून पाहायची, वाढणारे आपले भाताचं घमेलं घेऊन उभे. बाळंतिणीच्या खोलीतली धुराची शेगडी उचलून अंगणात ठेवायची आणि म्हाताऱ्यांशी भांडायची. चिंधूमामा, आमचा लांबचा मामा, खर्ऱ्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा, शौकीन. त्याला तिनं बस स्टँडवर चारचौघांत तोंड उघडायला लावलं. "मामा, आ करा. अजून. आतून पांढरं पडून राह्यलं, समजते का?" त्या दिवसापासून मामानं आमच्या गल्लीतून जाणंच सोडलं. तक्रारी माझ्याकडे यायच्या, कारण बाप तर तिला काही बोलायचा नाही. पण लेकराला ताप आला की त्याच बायका आधी हिच्याच दारात. ही त्यांना दोन शब्द सुनावायची आणि ऑटोत बसवून दवाखान्यात पाठवायची. "एक दिवस वाट पाहू म्हणतात, अन् मंग रडत येतात," हे तिचं ठरलेलं वाक्य.

आणि स्वतः काय केलं? गणपतीच्या दिवसांत अंगात ताप, आणि तिकडे प्रात्यक्षिक परीक्षा. सकाळी गोळी खायची आणि गाडी पकडायची. मी कपाळाला हात लावायला गेले की मान मागं घ्यायची. "थकवा आहे, आत्याबाई. परीक्षा होऊ दे." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. परीक्षा संपली त्याच दिवशी वर्ध्याच्या स्टेशनवर ती खाली बसली, ती पुन्हा आपल्या पायावर उभी राहिली नाही. डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी हात टेकेपर्यंत केलं, वर्गातल्या पोरी उशाशी बसून होत्या. ती गेली. मला अजून तिचा राग येतो. समोर असती तर आधी एक ठेवून दिली असती आणि मग घट्ट जवळ घेतलं असतं.

तेरवीला मात्र माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं जवळची माणसं एखादी वस्तू सोडतात. एकदा सोडली की जन्मभर तिला शिवायचं नाही. रीत चांगली आहे, माणसं लबाड आहेत. अण्णाजी आमच्यात सगळ्यांत वडील, त्यांनी कारलं सोडलं. कारल्याची भाजी त्यांनी कधी ताटात येऊ दिली नव्हती. चिंधूमामानं गवार सोडली. खर्रा सोडावा हे काही त्याच्या मनात आलं नाही. मग पुंडलिक उठला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "म्या पोरीच्या नावानं सुई सोडली. तिच्या हातची घेतली, आता कोणाच्याच हातची नाई."

मंडपात सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी. "याले म्हणतात बापाचं काळीज," अण्णाजी म्हणाले. अहो, काळजाचं राहू द्या, त्या माणसाला औषध लागतं, एवढं म्हणायला एकही जण उठला नाही. मी उठले तर मलाच खाली बसवलं. म्हणे तेरवीच्या दिवशी वाद बरा नाही.

उपकेंद्राच्या सिस्टरला मी घरी बोलावलं. पुंडलिकनं तिला चहा पाजला, स्वतःही घेतला, दोन चमचे साखर घालून. गुंजनची मैत्रीण रुचिका वर्ध्याहून मुद्दाम आली. तिला जेवू घातलं, जाताना गव्हाचं पीठ बांधून दिलं, सुईचं काढलं की "पोरी, सोडलं ते सोडलं." नवरात्रात गिरणीचा पत्रा त्याच्या पायाच्या अंगठ्याला लागला. खरचटलं होतं, पण जखम भरेना, अंगठा काळा पडायला लागला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, सुई सुरू झाली नाही तर अंगठा जाईल, आणि अंगठ्यावर थांबेल याची खात्री नाही. इकडे दळण घेऊन येणारे लोक त्या पायाकडे पाहून हात जोडत होते. पोरीसाठी सोसून राह्यला म्हणे.

दिवाळीआधी दुखवटा काढतात. नात्यातल्या वडीलधाऱ्या माणसानं नवे कपडे न्यायचे, गोड घास भरवायचा, आणि समोरच्यानं त्याला नाही म्हणायचं नसतं. मोठी बहीण मीच. मी टोपी-दुपट्टा घेतला, आणि गोडाच्या डब्याऐवजी इन्सुलिनची बाटली घेतली. टोचायचं कसं ते रुचिकाकडून शिकून आले होते.

"हे काय आणलं, बाई?" पुंडलिक म्हणाला. मला तो बाईच म्हणतो.

"दुखवट्याचा घास. नाई म्हणता येत नाई तुले."

"सोडलं ते सोडलं."

मग मात्र माझा तोल गेला. "काय सोडलं रे तू? अण्णाजीनं कारलं सोडलं, मामानं गवार सोडली, अन् तू सुई सोडली. सारे एकाच माळेचे मणी. जे नावडते तेच सोडून मोकळे झाले. जन्मभर सुईले भेला, आता पोरीचं नाव पुढं करून सुटला. सोडाचंच होतं तर आवडीचं सोडाचं. चहातली साखर काऊन नाई सोडली?"

बोलून झाल्यावर मला दम लागला होता. पुंडलिक चिडला नाही. पाटावर बसल्या बसल्या दुपट्ट्याची घडी करत राहिला.

"मले आवडत होती, बाई," तो म्हणाला.

"काय?"

"सुई. पोरगी दिवसभर वर्ध्याले. आली की अभ्यास, नाई तर गावभर. सकाळी सुईपुरती माह्यापाशी बसे. कॉलेजातलं सांगे, रागवे. मी मुद्दाम म्हणो, थांब, आज भेव वाटते. गाडी चुकते म्हणून चिडे, पण बसे अजून थोडी. मले दिवसातलं तेवढंच आवडीचं होतं. तेच सोडलं."

ज्या माणसाला मी आत्ताच लबाड म्हटलं, त्या सगळ्या मंडपात त्यानं एकट्यानंच खरोखरीचं काही सोडलं होतं. आणि तेच त्याला मारत होतं. मी त्याच्यासमोर पाट ओढून बसले आणि रडले. तोही रडला, तेरवीलासुद्धा रडला नव्हता.

मग मी डोळे पुसले आणि बाटली हातात घेतली. "हे पाह्य," मी म्हटलं, "मी काई गुंजन नाई. मले कॉलेजातलं काई सांगता येत नाई. पण रोज सकाळी येऊन बसता येते. रागावता तर येतेच. सदरा वर घे."

त्यानं हातातला दुपट्टा बाजूला ठेवला. मग सदरा वर घेतला. मी सुई भरली, कापूस दोनदा खाली पडला.

"थांब, बाई," तो म्हणाला. "आज भेव वाटते."

मी सुई हातात धरून आणखी थोडी बसले.