बहात्तर तासांची चुप्पी

नारिनच्या डोंगराळ भागातल्या मेंढपाळाची लेक कानिकेय बिश्केकच्या पॉलिटेक्निकात आली, तेव्हा तिला कीबोर्डवर धड बोटं ठेवता येत नव्हती. साबिरबेक सरांनी तिला शेजारी बसवलं आणि आपल्याच सॉफ्टवेअरमधली एक चूक दुरुस्त करायला लावली. विद्यार्थी त्यांना आगाय, म्हणजे गुरुजी, म्हणत. पडद्यावर अक्षरं नीट मांडणारं ते सॉफ्टवेअर त्यांनी एकट्याने लिहून सगळ्यांसाठी खुलं केलं होतं. कुणीही वापरावं, कुणीही सुधारावं. पुढे मोठ्या कंपन्यांनी ते उचललं आणि त्याची देखभाल करायला आपल्या माणसांचा एक कार्यगट नेमला; आगायांनाही त्यात ठेवलं. शिकून नोकरीला लागलेली कानिकेय आता त्या गटात तिच्या कंपनीची प्रतिनिधी होती.

गटाची रीत सोपी होती. प्रस्ताव सगळ्यांना ईमेलने जायचा, आणि बहात्तर तासांत कुणी हरकत घेतली नाही तर मंजूर. कुणाला हात वर करायला नको की तोंड उघडायला नको.

मार्चमध्ये प्रस्ताव आला. वर्षभर ज्यांनी काम केलं नाही, त्यांच्याकडून सॉफ्टवेअरमधले बदल मंजूर करण्याचा अधिकार काढून घ्यावा. खाली एकच नाव होतं, आगायांचं. वर्षभर ते आजारी बायकोच्या उशाशी बसून होते, आणि गटात हे एकट्या कानिकेयला ठाऊक होतं.

तिची वरिष्ठ आयनुरा, जिला ती एजे म्हणजे ताई म्हणायची, म्हणाली, "म्हाताऱ्या घोड्याला शर्यतीत किती वर्षं पळवणार? आणि तू त्यांची विद्यार्थिनी. तू बोललीस तर वशिला म्हणतील. गप्प राहायला तुझं काय जातंय?"

कानिकेयने चार ओळींची हरकत लिहिली. पाठवली मात्र नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसातल्या सगळ्यांबरोबर लागमानच्या शेवया खाऊन ती जागेवर परतली, तोवर मुदत संपली होती. गटाने कळवलं होतं, "कुणाचीही हरकत नाही."

मे महिन्यात आगायांनी एक दुरुस्ती पाठवली. आता ती गटातल्या दुसऱ्या कुणीतरी मंजूर करायला हवी होती. त्यांनी मंजुरीसाठी कानिकेयचं नाव दिलं आणि तिला घरी बोलावलं.

चहा ओतायचा मान धाकट्याचा, म्हणून ती किटलीकडे वळली. आगायांनी तिला थांबवलं आणि स्वतःच प्याला भरून तिच्यापुढे ठेवला, पाहुण्यापुढे ठेवावा तसा.

"आगाय, त्या तीन दिवसांत मी..."

"माहीत आहे, पोरी. स्वतःसाठी माणूस कसा बोलणार? मला वाटलं, तू बोलशील."

तिची मान वर होईना. आगायांनी संगणकापुढच्या खुर्चीवरून उठून तिला बसायला जागा दिली. दुरुस्तीत खोट नव्हती. तिने सगळं दोनदा वाचलं आणि बटण दाबलं. आगाय चष्मा सावरत पडद्याकडे वाकले. मंजूर करणाऱ्याचं नाव त्यांनी सावकाश वाचलं आणि आतल्या खोलीकडे वळून बायकोला हाक मारली.

"ऐकलंस का? झालं काम. आपल्या कानिकेयने मंजूर केलं."

त्यांच्या आवाजात निव्वळ कौतुक होतं. कानिकेय त्यांच्या खुर्चीत तशीच बसून राहिली.